हात खिशात

शनिवार, ४ जानेवारी

ही वही व्हर्नाने दिली. "दर शनिवारी घरी गेलास की लिहायचं. काय केलं, काय फसलं, कोणतं पोर कुठे अडलं."

मी म्हटलं, "एकोणीस वर्षं तूच लिहितेस की. आता माझ्या गळ्यात कशाला?"

"माझं अक्षर मलाच लागत नाही हल्ली."

साफ खोटं. चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईचं अक्षर छापल्यासारखं आहे. पण तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, तेव्हा घेतली वही. मला लिहिण्याची सवय नाही. बेचाळीस वर्षं खनिजाची जहाजं भरतात त्या धक्क्यावर, दुरुस्तीच्या शेडमध्ये काढली. तिथे लिहायचं ते एवढंच, कोणता बोल्ट कधी बदलला.

तर आज कार्यशाळेचा पहिला दिवस. अकरा पोरं, नऊ ते बारा वर्षांची. जागा नेहमीची, लुथरन चर्चचं तळघर. व्हर्ना कॅथलिक, पण कॅथलिकांचं तळघर गळतं, म्हणून एकोणीस वर्षं ती आमच्या तळघरात विज्ञान शिकवते आणि पोपला सांगू नका म्हणते. अकरा शनिवार चालायचं. आइसक्रीमच्या काड्या आणि डिंक घेऊन प्रत्येकाने पूल बांधायचा. शेवटच्या शनिवारी पुलाला बादली टांगायची आणि पूल मोडेपर्यंत तिच्यात वाळू ओतायची.

नियम व्हर्नाने पहिल्या वर्षीच घातलेला. मोठ्यांनी हात खिशात ठेवायचे. पोराला एकदाच विचारायचं, "मदत हवी?" नको म्हणालं की मागे सरायचं, परत विचारायचं नाही. ती म्हणते, सारखं विचारलं की पोराला वाटतं आपल्याला येत नाही म्हणूनच विचारतायत. पहिली दोन वर्षं माझ्या हातांना नुसती खाज सुटायची. आता खिसे आतून फाटलेत.

फसलं काही नाही. व्हर्ना आज स्टुलावर बसून होती. एरवी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते.


मंगळवार, ७ जानेवारी

शनिवार नाही, पण वही टेबलावर होती म्हणून लिहितोय.

सकाळी पेट्रोल भरायला गेलो तर पंपावर व्हर्ना. डुलुथ शहराला निघालेली. काय काम विचारलं तर म्हणाली, "आहे थोडं."

बाहेर उणे सव्वीस. हायवेवर काचेसारखा बर्फ. म्हटलं, "मी नेतो. माझा ट्रक जड आहे, घसरत नाही."

"नको, नको. तुला कशाला त्रास?"

आणि गेली. गेल्या वर्षीचा कोट तिला एवढा मोठा होता का, आठवत नाही.


शनिवार, ११ जानेवारी

आज माझी शोभा झाली. व्हर्ना पोरांना म्हणाली, "त्रिकोण का मोडत नाही, हे आज मिस्टर आर्वो सांगतील." आधी एक शब्द नाही! मी उभा राहिलो आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा उभाच राहिलो. शेवटी चार काड्यांचा चौकोन केला, कोपरा दाबला, तो लोळला. तीन काड्यांचा त्रिकोण केला, तो नाही लोळला. म्हटलं, "बघा." आणि बसलो.

व्हिन्सेंट नावाचं एक आगाऊ पोर आहे. ते म्हणालं, "एवढंच?"

व्हर्ना हसत होती. नंतर म्हणाली, "उत्तम झालं. आता दर शनिवारी."

"मी हत्यारं धरतो, तू बोलतेस. असं ठरलंय आपलं."

"ठरवलं तेव्हा मी साठीची होते."

कॉफीच्या वेळी आमच्या चर्चच्या पास्टरच्या बायकोने वेलदोड्याचा पाव आणला होता. तिने तबक पुढे केलं, व्हर्ना म्हणाली, "नको हो, पोट भरलंय." परत पुढे केलं. "नाही, खरंच नको." तिसऱ्यांदा केलं तेव्हा म्हणाली, "बरं, एवढुसा." आमच्याकडे हे असंच. पहिल्यांदा हो म्हणणारा हावरट, दुसऱ्यांदा म्हणणारा उतावळा. माझी बिचारी एलन शिकागोची. लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर लोकांकडून उपाशी परत यायची, कारण ती पहिल्याच वेळी खरं सांगायची आणि तिला वाटायचं बाकीचेही खरंच सांगतात.

व्हर्नाने तो एवढुसा तुकडा रुमालात गुंडाळून खिशात टाकला. खाल्ला नाही. मी पाहिलं.


मंगळवार, १४ जानेवारी

सकाळी सातला व्हर्नाला फोन केला. "आज मंगळवार. डुलुथला जाणार आहेस का?"

"हो."

"मी येतो. नेतो तुला."

"नाही रे. तुझी कामं असतील."

"मला कसली कामं? बर्फ काढायचा, तो काढून झाला."

तिच्याकडे किटली वाजत होती. मग म्हणाली, "राहू दे आज."

मी कोट घालून, ट्रक गरम करून बसलो होतो. राहू दे तर राहू दे. दोनदा नाही म्हटलं. आणि तिचाच नियम आहे, एकदा नको म्हटलं की मागे सरायचं. मी तर एकदा जास्तच विचारलं.


शनिवार, १८ जानेवारी

आज बरंच कळलं.

तळघरातल्या कपाटातल्या सगळ्या खोक्यांवर चिठ्ठ्या लागल्यात. "लोहचुंबक, आठ, एक तुटका." "तांब्याची तार, दुकानदाराकडून, मागच्या दाराने गेलं तर स्वस्त देतो." "डिंक फेब्रुवारीत गोठतो, घरी न्यावा." हे सगळं व्हर्नाच्या डोक्यात असतं, कागदावर कधी नव्हतं.

मग मी वाळूच्या बादल्या आणायला जिन्याखाली गेलो, तर वर ती पास्टरशी बोलत होती. माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यापासून आर्वो बघेल सगळं. त्याला अजून सांगितलं नाही." पास्टर काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "घराचं कार्ला पाहील. ती येईल मार्चमध्ये."

कार्ला तिची मुलगी, ॲरिझोनात असते. दहा वर्षं आईच्या मागे लागली आहे, ये म्हणून, इथे गारठून मरशील म्हणून. तर बाईसाहेब घर विकून उन्हात निघाल्या. मंगळवारी डुलुथला जाते ती घराच्या दलालाकडे, हे काय सांगायला पाहिजे?

जायचं तर जा. पण मला सांगायचं नाही? एलन गेल्यावर हिनेच मला घरातून ओढून या तळघरात आणलं. "तुझे हात रिकामे ठेवू नकोस" म्हणाली. नऊ वर्षं रविवारचं सूप एका टेबलावर प्यायलो. आणि पास्टरला आधी कळतं, मला जिन्याखाली.

वाईट वाटलं. लिहूनच ठेवतो, फार वाईट वाटलं.


मंगळवार, २१ जानेवारी

तिची गाडी साडेसातला खिडकीसमोरून गेली. मी फोन केला नाही.


शनिवार, १ फेब्रुवारी

गेल्या शनिवारचं लिहिलं नाही. मनच नव्हतं. पुली आणि दोरी केली, कोणी चेंगरलं नाही.

आज जुनिपरचा पूल कोसळला. जुनिपर दहा वर्षांची, दोन वेण्या, जबडा असा की दगड फोडेल. तिने डिंक वाळायच्या आधीच वरचा मजला चढवला होता. मला दिसत होतं. मी जाऊन विचारलं, "मदत हवी?"

"नको."

हात खिशात घालून मागे सरलो. अर्ध्या तासाने सगळं एका बाजूला कललं आणि बसलं. ती उठली आणि कोट टांगतात त्या खोलीत जाऊन कोटांमध्ये तोंड खुपसून उभी राहिली.

व्हर्ना गेली तिच्याकडे. जमिनीवर बसली, तिलाही बसवलं. काय बोलल्या माहीत नाही. जुनिपर नाक पुसत परत आली. व्हर्नाला मात्र उठता येईना. तिने खुंटीची फळी धरली, एक गुडघा टेकला, परत बसली. मी दारातच होतो. हात खिशात. शेवटी फळीला लोंबकळत उठली आणि माझ्यापाशी येऊन दम खात म्हणाली, "तिला परत का नाही विचारलंस?"

"नियम तुझा आहे."

"आर्वो, हात खिशात ठेव म्हटलं होतं मी. तोंड नाही."

"एकदाच विचारायचं, हे कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणाले. एकोणीस वर्षांत एखादी चूक माझीही असू शकते ना?" माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलायची वाट पाहत असल्यासारखी. "काही पोरं नको म्हणतात तेव्हा त्यांना परत विचारलेलं हवं असतं."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. जाता जाता नियम बदलायचे आणि खापर माझ्यावर. म्हटलं, "मग तसं आधी सांगायचं. मला मनातलं वाचता येत नाही."

"नाही येत," ती म्हणाली आणि डिंकाचे डबे आवरायला लागली.


शनिवार, १५ फेब्रुवारी

व्हर्ना आली नाही. सकाळी फोन. "खोकला आहे. पोरांना लागेल. तू घे."

मी घेतलं. सगळं मीच बोललो! ओझं कसं वाहत जातं हे सांगताना व्हिन्सेंटला आणि दुसऱ्या दोघांना खांद्याला खांदा लावून उभं केलं, आणि त्यांच्या हातांवर वाळूचं पोतं दिलं. म्हटलं, सांगा, कुठे दुखतंय? "पायात!" "माझ्या कमरेत!" म्हटलं, पुलालाही तिथेच दुखतं. पोरं खूश. जुनिपरने नवा पूल सुरू केलाय. तिला मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "हा क्लँप धरा फक्त."

दुपारी व्हर्नाचा फोन. "कसं झालं?"

मी म्हटलं, "झालं."

"बोललास?"

"बोललो."

"सांग ना, काय बोललास."

मला सांगायचं होतं. पोतं, कंबर, सगळं. पण म्हटलं, "वहीत लिहिणार आहे," आणि फोन ठेवला. तिला तिकडे उन्हात वाचत बसू दे.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळपासून आडवा बर्फ येतोय. रेडिओवर सांगत होते, अगदीच गरज असेल तरच बाहेर पडा. साडेसातला तिची गाडी गेली, ताशी पंधरा मैलाने, वायपर एकच चालत होता. मी खिडकीत उभा. किल्ल्या हातात होत्या. दाराशी गेलो, बूटही घातले.

मग म्हटलं, घर विकायची एवढी घाई असेल तर खुशाल जा. बूट काढले.

साडेतीनला परत गेली तोवर खिडकीतच होतो. जेवलो नाही.


शनिवार, १ मार्च

आज व्हर्ना आली. तळघराचा बॉयलर इतका तापलेला की पोरं बाह्या वर करून बसली होती, आणि ही डोक्यावर लोकरी टोपी आणि अंगात कोट. स्टुलावर बसून राहिली. जुनिपरचा पूल हातात घेऊन उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आता हा मोडायला कष्ट पडतील गं." जुनिपर लाल झाली.

कॉफीच्या वेळी माझा तोल गेला. पोरांसमोर म्हणालो, "कोट घालून घे भरपूर. ॲरिझोनात लागायचा नाही."

"ॲरिझोना?"

"मग काय. घर विकायचं, खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. मला काय कळत नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की टेबल धरावं लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. "अरे देवा, आर्वो. ॲरिझोना!" पोरंही हसली, कशाला हसतोय हे माहीत नसताना. मला काही हसू आलं नाही.

डोळे पुसून हळू म्हणाली, "दुपारी घरी ये. सूप करते. बोलू."

"मला काम आहे."

"काय काम?"

"आहे थोडं," मी म्हटलं. तिचंच उत्तर तिला.

काही काम नव्हतं. दुपारभर शेडमध्ये पाने-पकडी पुसत बसलो.


बुधवार, ५ मार्च

कार्ला आली होती. आत या म्हटलं तर आली नाही, तिथेच ओसरीत बर्फाच्या बुटांनिशी उभी राहिली. तोंड आईसारखंच, फक्त उन्हाने रापलेलं.

"आर्वोकाका, आई विचारतेय तुम्ही का येत नाही."

मी म्हटलं, "सामान बांधून झालं का?"

"कसलं सामान?"

तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तिनेच सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डिसेंबरमध्ये कळलं. जानेवारीपासून दर मंगळवारी डुलुथला औषध चढवायचे. आठ वेळा चढवलं. गेल्या मंगळवारी डॉक्टर म्हणाले, आता पुरे, घरी आराम करा.

मी म्हटलं, "एकटी जायची ती."

"मी म्हणत होते मी येते, तर म्हणायची नोकरी सोडून येऊ नकोस, इथे आर्वो आहे." कार्ला हातमोज्यांशी खेळत होती. "जानेवारीत फोनवर सांगत होती. आर्वोने आज दुसऱ्यांदा विचारलं, पुढच्या मंगळवारी विचारेल तेव्हा हो म्हणेन, आणि वाटेत त्याला सगळं सांगेन. गाडीत सांगायला सोपं, म्हणाली, दोघांनाही रस्त्याकडे बघता येतं."

मग म्हणाली, "तुमच्यावर राग नाही तिचा. उलट म्हणते, माझाच नियम, मलाच बाधला."

ती गेल्यावर मी कॅलेंडर काढलं. एकवीस, अठ्ठावीस, चार, अकरा, अठरा, पंचवीस. सहा मंगळवार. सगळे खिडकीतून पाहिले मी. जाताना एकदा आणि येताना एकदा.

या गावात जन्मलो मी. एका पावाच्या तुकड्यासाठी लोकांना तीनदा विचारतो. सुतावरून स्वर्ग गाठला आणि तिला त्या बर्फात एकटीला जाऊ दिलं. माझ्याइतका गाढव माणूस या तळ्याच्या काठी दुसरा नसेल.


शनिवार, ८ मार्च

पोरांना लवकर सोडलं आणि व्हर्नाकडे गेलो. तिची खाट बाहेरच्या खोलीत आणली आहे, खिडकीशी, तळं दिसतं तिथे. तळं अजून पांढरंच आहे.

टोपीखाली तोंड एवढंसं. पिवळं. हे मला जानेवारीत दिसलं नाही, की बघायचंच नव्हतं?

ती म्हणाली, "आलास. ॲरिझोनाचा रस्ता सापडला?"

मी म्हटलं, "मी विचारायला पाहिजे होतं."

"मी सांगायला पाहिजे होतं." मग म्हणाली, "ते पोत्याचं सांग."

"तुला कोणी सांगितलं?"

"जुनिपरच्या आईने. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय."

मग सांगितलं. व्हिन्सेंटची कंबर, पोरांची आरडाओरड, सगळं. मी एवढा सलग कधी बोललो नव्हतो, एलनशीही नाही. ती डोळे मिटून ऐकत होती, मग झोपली असावी. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो, कोट अंगात, हात खिशात. काय करायचं हातांचं, कळत नव्हतं. झोपली आहे म्हणून आणखीही काही बोललो. सहा मंगळवारांचं. तू नसलीस तर रविवारी मी कोणाकडे बघून सूप पिऊ, असंही. ते तिने ऐकलं नाही हे बरंच झालं. म्हाताऱ्या माणसाने असं बोलू नये.

थोड्या वेळाने तिचा हात खाटेवरून सरकत आला आणि माझ्या कोटाच्या खिशात शिरला, माझ्या हातावर. फार गार होता. थंडी वाजत असणार तिला. मी कार्लाला हाक मारून आणखी एक पांघरूण घालायला सांगितलं, तर ती दारातून आमच्याकडे बघून परत आत गेली.

अंधार पडेपर्यंत मी हात हलवला नाही.


गुरुवार, १३ मार्च

पहाटे व्हर्ना गेली.


शनिवार, १५ मार्च

आज पूल मोडायचा दिवस होता. त्याऐवजी दफनविधी. कॅथलिक चर्चमध्ये वर प्रार्थना आणि मग सगळे कॉफीला आमच्या तळघरात, कारण त्यांचं अजून गळतंय. पोरांचे पूल कपाटावर रांगेत ठेवलेले. लोक कॉफी पीत त्यांच्याकडे बघत होते.

लिहवत नाही.


शनिवार, २२ मार्च

अकराही पोरं आली. आईबापही आले, भिंतीला टेकून उभे राहिले, हात खिशात घालून. त्यांना सांगावं लागत नाही.

दोन टेबलं लावली, मध्ये फट. पूल ठेवायचा, बादली टांगायची, मगाने वाळू ओतायची. कडाकड मोडायला लागले. मोडला की त्या पोराने उभं राहून सगळ्यांना सांगायचं, कुठे मोडला. रडायचं असेल तर आधी रडून घ्यायचं, पण मग सांगायचं. "कसा काय मोडला माहीत नाही" चालत नाही. डिंकाला, काड्यांना, शेजाऱ्याला दोष देणं चालत नाही. व्हर्ना म्हणायची, पूल मोडला म्हणून कोणी वाईट इंजिनियर होत नाही, कुठे मोडला ते न सांगणारा होतो. हे तिचं वाक्य मला म्हणावं लागलं. दोन प्रयत्नांत म्हटलं.

व्हिन्सेंटचा बावीस पौंडांवर गेला. "मधला सांधा. मी तिथे घाई केली, कारण मला पहिलं संपवायचं होतं." टाळ्या.

जुनिपरचा शेवटी. तीस, चाळीस, पन्नास. काड्या कुरकुरायला लागल्या. बासष्टवर डावी बाजू फाटली आणि बादली जमिनीवर. तिने वाळूत गुडघे टेकून तुकडे पाहिले. "डावीकडचा तिसरा त्रिकोण. ही काडी आधीच चिरलेली होती. मला दिसली होती. मला वाटलं चालेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी झाडू घ्यायला वळलो, तर ती म्हणाली, "मिस्टर आर्वो, तुम्ही पूल नाही बांधला?"

"मी नाही बांधत. मी धरतो फक्त."

"मग तुमचं काहीच नाही मोडलं?"

पोरीच्या मनात वाकडं काही नव्हतं. अकरा जणांनी सांगितलं होतं, मी तेवढा राहिलो होतो, एवढंच. मला नाही म्हणून झाडू मारता आला असता. आईबाप बघत होते, कार्ला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

मी म्हटलं, "मोडलं."

"कुठे?"

मी हात खिशातून काढले. सांगितलं. व्हर्नाबाई आजारी होत्या, दर मंगळवारी डुलुथला औषधाला जायच्या, बर्फातून, स्वतः गाडी चालवत. मला आजार माहीत नव्हता, पण त्या एकट्या जातात हे माहीत होतं. मी दोनदा विचारलं, नेऊ का म्हणून. त्या नको म्हणाल्या. मग मला दुसऱ्याच एका गोष्टीचा राग आला आणि मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. सहा मंगळवार नाही विचारलं. तिथे मोडलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. व्हिन्सेंटची आई डोळे पुसत होती. जुनिपरने मात्र कपाळाला आठ्या घातल्या, हिशेब लागत नसला की घालते तशा.

"तुम्ही विचारलं असतं तर बाई बऱ्या झाल्या असत्या?"

"नाही."

"अजून थोड्या जगल्या असत्या?"

"नाही. डॉक्टर म्हणाले, नाही."

"मग काय वेगळं झालं असतं?"



"गाडी मी चालवली असती," मी म्हणालो.